दोनच पक्ष ठेवले तर आमचं कोण ऐकणार?

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर बऱ्हाणपूरच्या केळीच्या बाजारभावासोबत सध्या एक मेसेज फिरतोय: अमेरिकेत कायद्यानेच दोन पक्ष आहेत, म्हणून तिथं सरकार स्थिर, फोडाफोडी नाही, मतं फुटत नाहीत, आपल्याकडेही बाकीचे पक्ष बंद करा. आमदारांच्या पळवापळवीला लोक विटलेत हे मान्य. पण मेसेजमधलं जवळपास काहीच खरं नाही.

तिथल्या राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखसुद्धा नाही. इतर पक्ष लढतात, पण राष्ट्राध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांतले निर्वाचक, म्हणजे मतदारांचे प्रतिनिधी, आणि बहुतेक राज्यांत पहिला येणारा सगळे निर्वाचक घेऊन जातो. १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मतं पडली आणि निर्वाचक मिळाला शून्य.

स्थिरता? निधीच्या भांडणात २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस तिथलं बरंचसं सरकारी काम ठप्प होतं. आपली २००४ आणि २००९ ची आघाडी सरकारं मात्र पूर्ण मुदत चालली.

फोडाफोडीचं तर विचारूच नका. २००१ मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, दोन्ही पक्षांचं ५०-५० बळ असताना जिम जेफर्ड्स या एकट्या माणसानं रिपब्लिकन पक्ष सोडला आणि सभागृहाचा ताबा दुसऱ्या बाजूला गेला. पक्षांतरबंदी कायदा तिथं नाही, आपल्याकडे १९८५ पासून आहे. त्यातली पळवाट, म्हणजे दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरण मान्य केलं की आमदारकी वाचते ती, बुजवा म्हणा, मी सही करतो.

राहिलं ‘लहान पक्ष मतं खातात’. २००९ मध्ये धुळे शहरानं लोकसंग्राम या छोट्या पक्षाचे अनिल गोटे निवडले, २०१४ मध्ये अमळनेरनं अपक्ष शिरीष चौधरी, २०१९ मध्ये साक्रीनं अपक्ष मंजुळा गावित. त्यातले काही पुढे मोठ्या पक्षांसोबत गेले, हे खरं. तरी त्या वेळी मोठ्यांना नाकारायची सोय मतदाराला होती. केळीचा जाहीर भाव एक आणि बागेत काट्यावर हातात पडतो दुसरा, ही आपली जुनी तक्रार. मोठ्या पक्षांत शेतकरीही आहेत आणि व्यापारीही, म्हणून ते यावर गुळमुळीत बोलतात. हाच एक विषय घेऊन कुणी अपक्ष उभा राहिला आणि पडला, तरी त्यानं घेतलेल्या चार-पाच हजार मतांचा हिशोब मोठ्यांना करावाच लागतो. पुढच्या निवडणुकीत ती मतं मिळवायला ते बांधावर येतात. त्याचं बटणच मशीनवर नसेल, तर ते कशाला येतील?