इंग्लंडचं उदाहरण देताय, तर पूर्ण द्या

सध्या आमच्या घरच्या ग्रुपवर आयपीएल बघायला पैसे भरावेत का यावरून जुंपलीये आणि माझा भाचा दर दोन मेसेजनंतर तेच टाकतोय, "आत्या, तुमच्या इंग्लंडमधे तर सगळे पैसे भरूनच बघतात ना, मग आपल्याकडेच रडारड कशाला?" तो एकटाच नाही, ओळखीतले बरेचजण हेच म्हणतात. २०२३ ला जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवलं, अख्ख्या देशाला मोबाइलवर मॅच बघायची सवय लागली, मग २०२५ च्या फेब्रुवारीत दोन ॲप एकत्र येऊन जिओहॉटस्टार झालं आणि थोडा वेळ फुकट बघा, पुढे प्लॅन घ्या असं सुरू झालं. तीन महिन्यांचे १४९ रुपये. त्यावर कोणी कुरकुर केली की उत्तर तयार, परवडत नसेल तर बघू नका, बाहेरच्या देशात जाऊन बघा काय भाव आहेत ते.

तर मी त्या बाहेरच्या देशात राहते. रेडिंगमधे. टीव्हीची लायसन्स फी भरते, वर स्काय या पैशाच्या चॅनलचेही पैसे भरते. आणि इंग्लंडचं नाव घेऊन कोणी मला गप्प करायला लागलं की माझं डोकं फिरतं, कारण इथली अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

उरलेली अर्धी अशी. २००५ ची ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका, चॅनल फोरवर होती, घरावर अँटेना असला की दिसायची. ट्रेंट ब्रिजची कसोटी ऐन रंगात आली तेव्हा ८४ लाख लोक बघत होते. पण कायद्याने फुकटच दाखवायच्या सामन्यांची जी यादी इथे आहे तिच्यातून इंग्लंडमधल्या कसोट्या १९९८ लाच खालच्या गटात, म्हणजे लाइव्ह फुकट दाखवायची सक्ती नसलेल्या गटात, टाकल्या होत्या, त्यामुळे इथल्या क्रिकेट बोर्डाला अडवणारं कोणी नव्हतं, आणि २००६ पासून सगळं लाइव्ह क्रिकेट स्कायकडे गेलं. २००९ ला परत ॲशेस इंग्लंडमधेच, परत इंग्लंडच जिंकलं, आणि स्कायवरचा सगळ्यात मोठा आकडा होता २० लाखांच्याही आत. खेळ तोच, निकाल तोच, बघणारी माणसं मात्र पाव राहिली.

पैसे आले हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. त्या पैशांवर काउंट्या, म्हणजे इथले जिल्ह्यांचे क्लब, जगले, खेळाडूंना चांगले करार मिळाले, बायकांच्या क्रिकेटलाही त्यातून मिळालं. पण एक अख्खी पिढी टीव्हीवर सहज क्रिकेट न दिसता मोठी झाली. आणि मग त्याच बोर्डाला २०२१ मधे द हंड्रेड नावाची नवी स्पर्धा काढावी लागली, नवी माणसं आणि मुलं क्रिकेटकडे यावीत म्हणून, आणि त्यातल्या काही मॅच मुद्दाम बीबीसीवर ठेवाव्या लागल्या. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणतो ते वेगळं, आपल्याकडे क्रिकेट धर्म आहे. अरे, ज्यांनी हा खेळ काढला त्यांच्याकडे काय कमी प्रेम होतं का? गावागावात हिरवं मैदान आणि त्याला लागून पॅव्हेलियन आहे. रविवारी तिथे खेळताना निम्मे लोक पन्नाशीच्या पुढचे दिसतात.

दुसरा प्रश्न येणारच, प्रीमियर लीग तर १९९२ पासून स्कायवर आहे, फुटबॉल मेलं का? नाही मेलं. कारण वर्ल्ड कप, युरो, एफए कपची फायनल या गोष्टी फक्त पैशाच्या चॅनलला विकायच्या नाहीत असं कायद्यात लिहिलंय, आणि शनिवारी रात्री बीबीसीवर हायलाइट्स असतातच. म्हणजे दार कायम थोडं उघडं ठेवलेलं आहे. क्रिकेटचं मात्र कडी लावून बंद केलं.

मी इकडे आले तेव्हा मला वाटलं होतं की बाकी काही नाही तरी क्रिकेटवर बोलायला माणसं मिळतील. साहेबाचाच खेळ. ऑफिसमधे पहिल्या उन्हाळ्यात मी लॉर्ड्सच्या कसोटीचा विषय काढला तर समोरच्याने छान हसून हवापाण्यावर नेलं, त्याला कोण कोणाशी खेळतंय हेच माहीत नव्हतं. मला या देशात पहिल्यांदा आपण इथले आहोत असं वाटलं ते २०१८ च्या जुलैमधे, फुटबॉलमुळे. इंग्लंड-क्रोएशिया सेमीफायनल, आयटीव्हीवर, फुकट. तोवर फक्त मॉर्निंग म्हणणारी शेजारची बाई इंग्लंड हरल्यावर कुंपणापाशी उभी राहून माझ्याशी अर्धा तास बोलली, आणि मला फुटबॉलमधलं फारसं कळत नसूनही मी सगळं बघितलेलं होतं म्हणून मला बोलता आलं. तिने ती मॅच बघितलीये का, तिच्याकडे ते चॅनल आहे का, असं विचारायचीही गरज नव्हती. सगळ्यांनीच बघितलेली होती. त्या महिन्यात मी या गल्लीतली झाले. क्रिकेटने ते कधीच केलं नाही, एक दिवस सोडून. २०१९ च्या वर्ल्ड कपला आपण मँचेस्टरला न्यूझीलंडकडून बाहेर पडलो आणि इंग्लंड फायनलला गेलं, तेव्हा स्कायने ती एक मॅच चॅनल फोरलाही दाखवू दिली. मधे फॉर्म्युला वनची शर्यत आली म्हणून चॅनल फोरने मॅच मोर फोर या आपल्याच दुसऱ्या चॅनलवर ढकलली, लोक रिमोट घेऊन शोधत बसले, पण शोधलीच. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधे जो तो सुपर ओव्हरवर बोलत होता. एका दिवसात! मग स्कायची कडी परत लागली आणि विषय संपला.

आता आपल्याकडचं. आयपीएल सुरुवातीपासून पैशाच्याच चॅनलवर आहे, मान्य. पण केबलचं एक कनेक्शन म्हणजे अख्खं घर, शेजारचे आजोबा आणि खालच्या मजल्यावरची पोरं. १४९ चा प्लॅन आला तो एका मोबाइलपुरता. हातभर स्क्रीन पण नाही, वीतभर. आमच्याकडे २०११ च्या वर्ल्ड कपची फायनल चालू असताना कराड स्टँडवर कँटीनच्या टीव्हीपुढे एवढी गर्दी होती की साताऱ्याची गाडी लागली तरी कंडक्टर डबल बेल द्यायला तयार नव्हता, आणि एकाही प्रवाशाने त्याला हटकलं नाही. तिथे कोणाचं रिचार्ज होतं आणि कोणाचं नव्हतं हा प्रश्नच आला नाही.

आणि कायदा आपल्याकडेही आहे हे या वादात कोणी बोलतच नाही. १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तेही क्रिकेटच्याच भांडणात. २००४ च्या पाकिस्तान दौऱ्याच्या वेळी मॅच दूरदर्शनवर दिसाव्यात म्हणून परत कोर्टात जावं लागलं. मग २००७ चा कायदा आला की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यायचं, जाहिरातीच्या पैशातले ७५ टक्के हक्क घेणाऱ्याला, २५ प्रसार भारतीला. आयपीएल त्या यादीत नाही, भारताच्या मोठ्या मॅच आहेत. पण २०१७ ला कोर्टाने स्पष्ट केलं की तो फीड दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावरच दाखवायचा, खासगी केबलवर नाही. म्हणजे दूरदर्शनच्या फुकटच्या फ्री डिशवाल्याला दिसतं आणि महिन्याला केबलचे पैसे भरणाऱ्याला दूरदर्शनवर दिसत नाही. २०१८ ला हे बदलायचा मसुदा आला होता, त्याचा कायदा झालाच नाही. मोबाइलबद्दल तर २००७ च्या कायद्यात विचारच नाही, तेव्हा मोबाइलवर मॅच बघत कोण होतं? इंग्लंडने मात्र २०२४ च्या मीडिया ॲक्टमधे आपली यादी इंटरनेटवरच्या सेवांनाही लागू केली. इंग्लंडकडून घ्यायचंच असेल तर हे घ्या ना, स्कायचं बिल कशाला घेता.

"तुला काय जातंय, तू पाउंडात कमावतेस," हे दादाने लिहिलं आणि ते मला लागलं. कारण खरं सांगायचं तर पैशाच्या ॲपचा सगळ्यात जास्त फायदा माझ्यासारख्यांनाच झालाय. आधीच्या पिढीचे लोक इथून घरी फोन करून स्कोअर विचारायचे, मी बसल्या जागी प्रत्येक बॉल बघते. पण बघते म्हणजे कशी, तर माझ्याकडे चित्र अर्धा मिनिट उशिरा येतं. बॉलर अजून रनअपला वळलेला नसतो आणि ग्रुपवर दादाचा "गेलाऽऽ" पडलेला असतो. मी फोन उलटा करून ठेवते, मग वाटतं की हे लोक आत्ता एकत्र ओरडतायत आणि आपण मुद्दाम तोंड फिरवून बसलोय, म्हणून परत सरळ करते. विकेट आधी कळते, मग दिसते. हे मला चालतं, दुसरा पर्याय नाही, मी लांब आहे. पण आता कराडमधेच तीन खोल्यांत तीन मोबाइलवर तीन वेगवेगळ्या वेळी तीच विकेट पडते असं दादाच सांगत होता, आणि ते लांब राहत नाहीत.

अण्णांच्या फोनचं रिचार्ज मी इथून करते, त्यामुळे आमच्या घरात प्रश्न १४९ चा नाहीच. ज्या घरात तेवढं करणारं कोणी नाही, त्यांचं मी विचारत होते. भारताच्या सगळ्या मॅच आणि आयपीएलची निदान फायनल त्या २००७ च्या यादीत घाला, कायदा केबललाही लावा आणि मोबाइललाही लावा. बाकीच्या सत्तर मॅचचे मग १४९ घ्या नाहीतर ४९९, भाच्याशी माझं काही भांडण नाही.