आरोग्यरक्षणार्थ

महाराष्ट्रात मजा म्हणून कोणी दारू पीत नाही. हे मी म्हणत नाही, सरकार म्हणतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो दिला जातो आरोग्याच्या जपणुकीसाठी. एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि प्रकृती फारच तोळामासा असेल तर आजन्म, १,००० रुपयांत. तेव्हा शनिवारी रात्री कोरेगाव पार्कातल्या आमच्या काउंटरला खेटून जे आरडाओरडा करत असतात, ते कागदोपत्री पेशंट. आणि डोळ्यांसमोर माप धरून तीस मिली, साठ मिली ओतणारा मी त्यांचा कंपाउंडर.

आज्जीला मी हेच सांगितलं होतं. पुण्यात औषधं मिसळायच्या कामाला आहे म्हणून. चूक एवढीच झाली की तिनं ते गावभर केलं. त्यानंतर बरेच दिवस गुडघेदुखीवर काय घ्यावं हे विचारायला मला फोन येत होते. मी गरम पाण्याचा शेक सांगायचो. गुण आला म्हणे.

आमचं गाव माळशिरस तालुक्यात, पालखीच्या वाटेवरचं. घर माळकरी. मी हॉटेल मॅनेजमेंटला गेलो तेव्हा अण्णांना वाटलं, पोरगं शिकून हायवेला मिसळीचं हॉटेल टाकणार. त्यांनी जागासुद्धा बघून ठेवली होती.

मलाही वाटायचं की बारटेंडर म्हणजे बाटल्या हवेत उडवणारा माणूस. पण बारटेंडर म्हणून कोणी थेट लागत नाही, आधी बारबॅक व्हावं लागतं. बारबॅक म्हणजे बारच्या मागचा घरगडी. दुपारी यायचं आणि लिंबं चिरायची. लिंबांच्या फोडी, लिंबांच्या चकत्या, लिंबांच्या सालीच्या पातळ पट्ट्या (पांढरा भाग आला की कडू लागतं, काढ परत), लिंबांचा रस. पाहुणा येईपर्यंत बोटांच्या प्रत्येक चिरेत रस गेलेला असतो. मग पुदिना निवडायचा. मग साखरेचा पाक, साखर आणि पाणी समसमान. आमच्या आईनं हा पाक बघितला असता तर तार येत नाही म्हणून फेकून दिला असता. मग गरम पाण्याची वाफ देऊन ग्लास पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे, परत पुसायचे. आणि बर्फ. बर्फ नुसता वाहायचा. त्यात एक कडक नियम: बर्फ ग्लासनं उपसायचा नाही, स्कूपनंच. ग्लासचा टवका उडून बर्फात पडला तर काच कोणती आणि बर्फ कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, सगळा हौद उपसून टाकावा लागतो. तो उपसायचाही बारबॅकनंच.

इतकं होऊन दारूला हात लागायचा तो रात्री दोननंतर, तोही मोजायला. उघड्या बाटल्यांत किती शिल्लक आहे ते लिहायचं, एक्साइजच्या रजिस्टरशी ताळा जमवायचा. कॉमर्स सोडून मी इकडे आलो होतो.

माझ्याबरोबरचा बारबॅक वर्ध्याचा. जिल्हा १९७४ पासून दारूबंदीत. आमच्यात बाटल्यांची सगळ्यात दांडगी माहिती त्यालाच. मी मात्र अडाणी, आणि वय बाविसाचं. राज्याच्या नियमानं बिअर-वाइनला एकवीस वर्षं पुरतात, व्हिस्की-रमला पंचवीस लागतात. म्हणजे मी पाजलेली चालते, प्यायलेली चालत नाही! चव बघायची तर स्ट्रॉ ग्लासात बुडवून वरचं तोंड बोटानं दाबायचं आणि एक थेंब जिभेवर सोडायचा. तीर्थ घेतात तेवढंच. आईला हे पटवता पटवता माझा घसा कोरडा पडलाय.

हात बसवायला खोलीवर रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून ओतायचो. ‘एक, दोन, तीन, चार’ मोजत ओतलं की साठ मिली यायला पाहिजे. घरमालकांना दाराबाहेरून बाटल्यांचा आवाज आणि माझे आकडे ऐकू यायचे. चार झाले की परत एकपासून. त्यांनी खोली सोडायला सांगितली, पण फार प्रेमानं सांगितली, आणि सोबत येरवड्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला.

पुढे काउंटरवर उभं राहायला मिळालं आणि पेय हलवून मिसळायच्या शेकरशी गाठ पडली. स्टीलचे दोन ग्लास एकात एक. बर्फानं गार होऊन ते एकमेकांना असे धरतात की सुटता सुटत नाहीत. बाजूला तळहाताची एक नेमकी चापट बसावी लागते. ती बसेपर्यंत समोरची मुलगी मोबाइल काढून शूटिंग करत असते.

गिऱ्हाईक मोहितो (रम, पुदिना, लिंबू आणि सोडा) मागतं आणि मग त्यात थम्सअप टाकायला सांगतं. कोणी म्हणतं, ‘भाऊ, कडक बनव, पण लागायला नको.’ पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत असतं: पेग कमी आहे. माप त्यांच्या नाकासमोर भरलं तरी कमी आहे.

आषाढीला ड्राय डे. सबंध राज्याच्या दुकानांना कुलूप घालून विठोबानं मला घरी धाडलं, आणि ओसरीवर अण्णांनी विषय काढलाच. कंपाउंडरचं बिंग फुटलेलं होतं; मुलीकडच्यांनी चौकशी केली होती.

“माळकऱ्याचं पोरगं दारू इकतंय,” अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, “अण्णा, आपला ऊस कारखान्याला जातो. उसाची साखर झाल्यावर मळी उरते. मळी डिस्टिलरीत जाते, तिची रम होते. आपल्याकडची बरीचशी व्हिस्कीसुद्धा त्याच स्पिरिटवर चालते. तुम्ही लावताय, मी नुसता ओततोय.”

अण्णा बराच वेळ गप्प. मला वाटलं, आता काठी येणार.

“एका गिलासाला किती घेतेत?”

“साधारण सहाशे. तुमचा साठ मिली असतो त्यात, बाकी बर्फ आन लिंबू.”

अण्णांनी वहीचं मागचं पान उघडलं. ऊस टनाला तीन हजाराच्या आतबाहेर. पाच ग्लासांत टन संपला. त्यांनी बेरीज परत केली, तरी तेवढीच आली. आईनं उपासाची भगर दोनदा गरम केली, तरी ते उठेनात.

“आन माप? काट्यावर आमाला मारतेत तसं तुमी मारता का लोकांस्नी?”

“तीस म्हणजे तीस, साठ म्हणजे साठ, अण्णा. पण कोणाला पटत नाही.”

“पटंल कसं. मला कवा पटलंय व्हय काट्यावर?” ते म्हणाले. मग वही मिटून आईला हाक मारली, “अगं, मी जाणार हाय पुन्याला याच्याकडं. प्यायला न्हाई. माप बघायला.”