पाळकाचं काम रविवारच्या एका तासाचं नाही

सोमवारी सकाळी आईने फोन माझ्यासमोर धरला. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता: 'पाद्र्याची नोकरी सगळ्यात सोपी. रविवारी एक तास बोलायचं, सहा दिवस आराम. आयुष्यभर एकच पुस्तक, अभ्यास शून्य. पगार परदेशातून. मराठीशी काडीचा संबंध नाही.' खाली चौदा अंगठे. माझे बाबा पाळक, म्हणजे पाद्रीच. ते आतल्या खोलीत झोपले होते. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक आजोबा शेवटच्या घटका मोजत होते, म्हणून रात्रभर दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून बाबा पहाटे पाचला परतले होते. आई काही बोलली नाही, पण मला गप्प बसवेना.

सहा दिवसांच्या आरामाचं उत्तर यातच आलं. आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरच्या प्रार्थना, बोलणं टाकलेल्या भावांना एकत्र बसवणं, १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्नाची नोंदवही ठेवणं, हे त्यात धरा म्हणजे झालं.

'एकच पुस्तक, अभ्यास शून्य' हे मात्र मला सहन होत नाही. ते एक पुस्तक म्हणजे आमच्या पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, ६६ पुस्तकं, मूळ भाषा हिब्रू आणि ग्रीक, काही भाग अरामी. बाबांनी बी.डी.ला, म्हणजे पाळकाच्या धर्मशास्त्राच्या पदवीला, चार वर्षं घालवली, त्यात ग्रीक शिकले. त्यांच्या टेबलावर मराठी शास्त्राची दोन भाषांतरं शेजारी शेजारी उघडी असतात आणि पाठीला चिकटपट्टी लावलेला ग्रीक कोश असतो. मागे योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायावर उपदेश होता. पेत्र हा येशूचा शिष्य, त्याने येशूला तीनदा नाकारलं होतं. येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? ग्रीकमध्ये येशू पहिल्या दोन वेळा 'अगापाओ' हे क्रियापद वापरतो, पेत्र प्रत्येक वेळी 'फिलेओ' या प्रेमाच्याच दुसऱ्या क्रियापदाने उत्तर देतो आणि तिसऱ्यांदा येशूही पेत्राचाच शब्द घेतो. हा फरक अर्थाचा की नुसता शैलीचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बाबा गुरुवारपासून शनिवारपर्यंत त्यावरच होते. पाठकोऱ्या कागदांवर लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. रविवारी त्यातली चारच वाक्यं उपदेशात आली, कारण समोर बसलेल्या विधवा बाईला व्याकरण नको होतं, पेत्राला पुन्हा जवळ केलं एवढंच हवं होतं. ती चार वाक्यं कोणती, हे ठरवायला तीन दिवस लागले.

हे मान्य करते की काही पाळक शनिवारी रात्री यूट्यूबवर ऐकलेलं रविवारी जसंच्या तसं म्हणतात. मंडळीला ते लगेच कळतं, आणि तिने ते बोलून दाखवायला हवं.

पगाराबद्दलही अर्धं खरं आहे. मिशनच्या काळात पैसा बाहेरून येत असे. आमच्या मंडळीत आज पाळकाचं मानधन लोकांच्या अर्पणातून निघतं, आणि ज्या महिन्यात अर्पण कमी, त्या महिन्यात ते उशिरा मिळतं.

आणि मराठी! रेव्हरंड नारायण वामन टिळक कोण होते? १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे अहमदनगरला राहून शिकवलं, 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन केलं, शेकडो गीतं लिहिली. ओव्या, अभंग या आपल्याच घाटात ते लिहीत. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, म्हणजे परदेशी पगाराचं उत्तरही त्यांनी तेव्हाच देऊन ठेवलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य अपुरं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. मेसेज लिहिणाऱ्याने शाळेत टिळकांच्या कविता वाचल्याच असतील.

हे लिहीपर्यंत बाबा उठले आहेत. आजोबा गेल्याचा फोन आला. दफनविधी चारला आहे. चहाचा कप हातात तसाच धरून बाबा आजोबांच्या मुलीला फोनवर विचारताहेत, वडिलांना कुठलं गीत आवडायचं. ती सांगते आहे ते टिळकांचंच.