सात झालं, बारा कुठाय?

परवा सांगलीत गणपती पेठेत माझ्या आत्मचरित्राच्या प्रिंट काढायला गेलो. बालपण, शिक्षण आणि एकपात्रीची बावीस वर्षं. "ठेवून जावा, संध्याकाळी न्या," दुकानदार म्हणाला होता. मी थांबलो, तिथंच चुकलं.

प्रिंटरच्या तोंडाशी स्टुलावर एक आजोबा बसले होते. सातबाऱ्याची झेरॉक्स हवी होती. मार्केट यार्डात हळद टाकून थेट आलेले, बोटं पिवळीधम्मक. पान बाहेर पडलं की उचलायचे, हात लांब करून वाचायचे, मांडीवर पालथं ठेवायचे. माझा जन्म ज्या पानावर आहे त्याच्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा उमटलाय. जन्माची नोंद लग्नपत्रिकेसारखी दिसते.

"तुमचंच हाय?"

"हो."

"कशात असता?"

"लोकांना हसवतो."

त्यांनी मला चपलेपासून टकलापर्यंत बघितलं. "आसू दे," म्हणाले. घरातलं दुखणं कळल्यावर म्हणतात तसं.

चौथ्या पानावर थांबले. "वडील नोकरीला. आई मायाळू. दोन्ही वेळचं जेवण. मग अडचण कुठं आली?"

"अडचण नव्हती."

"मग लिवलंय कशाला?"

हे लागलं. चॅप्लिननं १९६४ साली आत्मचरित्र छापलं, तर त्याच्याजवळ सातव्या वर्षीचं निराधारांना ठेवायचं वर्कहाऊस होतं. माझ्याजवळ सातव्या वर्षीचा गोवर. तोही सुट्टीत आला, शाळासुद्धा बुडली नाही. २००५चा पूर तरी वापरावा, तर आमचं घर चढावर.

बी.कॉम.ला दोनदा नापास झालो ते प्रकरण आलं. यावर मी मिरजेपासून इस्लामपूरपर्यंत हशे घेतलेत. आजोबांची मिशी हलली नाही. पान ठेवून समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बगा, गाव नमुना सातात मालक कोन, जमीन किती, ते आसतंय. बारात पीक. तुमचं सात झालं. बारा कुठाय? पिकलं काय ह्यात?"

शाली पिकल्या, आजोबा. कपाटभर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत 'सीता स्वयंवर' नाटक केलं, ते संस्थानिक चिंतामणरावांनी सांगितलं म्हणून. १८५१ला चिंतामणराव वारले आणि भाव्यांचा आश्रय गेला, मग मंडळी घेऊन गावोगाव फिरले. मला आश्रय गणेश मंडळांचा. महाप्रसादाच्या आधी पंधरा मिनिटं, मागं डीजेवाल्याचं 'हॅलो चेक'. शेवटी नारळ, शाल आणि "पाकिटाचं बघू की नंतर." दोन वर्षांपूर्वीचं एक पाकीट अजून बघतायत. अध्यक्ष रस्त्यात भेटले की मोबाईल कानाला लावतात. फोन उलटा असला तरी.

हे मी मोठ्यानं बोललो नाही. नुसतं "आहे पुढं" म्हणालो.

"पुढं आसंल तर बरं," म्हणून ते उठले, मांडीवरचे आपले कागद गोळा केले आणि गेले.

घरी येऊन पानं लावली तर अकरावं नाही. त्या जागी सातबारा. क्षेत्र ०.४० हेक्टर, पीक ऊस, सामाईक विहीर. म्हणजे माझं अकरावं पान, ज्यात मी स्नेहसंमेलनात पहिल्यांदा साडी नेसलोय, ते आता कुठल्यातरी तलाठ्याकडं अर्जाला जोडलेलं असणार.

आणि त्या झेरॉक्सचे दोन रुपये दुकानदारानं माझ्याच हिशेबात धरलेत.