चीफसाहेब, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

चीफसाहेब, नमस्कार.

समुद्री चाचे आणि पर्यटन यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की मी मुद्दाच चुकवला. पर्यटक विमानाने जातात, चाचे मालवाहू जहाजं धरतात. भोगलं ते खलाशांनी, आणि मी मात्र नौपाड्यात बसून रद्द झालेल्या सहलींचं रडगाणं गातोय. बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला नेरुळचा माणूस हे लिहितो, तेव्हा दोन ओळींत आभार मानून मला मोकळं होता येत नाही.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. खलाशांवर मी एक परिच्छेदही लिहिला नाही, ही चूकच. ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सोमाली चाच्यांनी 2010 च्या सप्टेंबरात धरलं. एप्रिल 2011 मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, पण 7 भारतीयांना चाच्यांनी ठेवून घेतलं. ते सुटले ऑक्टोबर 2014 मध्ये. चार वर्षं! त्या घरांनी काय काढलं असेल, त्यापुढे माझी बुकिंगं किस झाडकी पत्ती. ‘चाच्यांनी केनियाचं पर्यटन बुडवलं’ हे वाक्यही मी लेखातून काढलंय. सप्टेंबर 2013 चा वेस्टगेट मॉलवरचा हल्ला, जून 2014 चं म्पेकेटोनीचं हत्याकांड, ही अल-शबाब या सोमाली दहशतवादी संघटनेची करणी होती आणि तिचा घाव कितीतरी खोल गेला.

पण ‘पर्यटक विमानाने जातात’ हे मला पटत नाही. विमानाने आलेल्या पाहुण्यालाही राहायला किनाराच लागतो. सप्टेंबर 2011 मध्ये केनियात, सोमालियाच्या हद्दीजवळ, किवायूच्या रिसॉर्टमध्ये एका ब्रिटिश पर्यटकाला ठार मारून त्याच्या पत्नीला बोटीतून सोमालियात नेलं. तीन आठवड्यांच्या आत लामूजवळच्या मांडा बेटावरून एका फ्रेंच महिलेला तसंच उचललं. ती कैदेतच गेली. त्यामागोमाग परदेशी सरकारांच्या ‘जाऊ नका’च्या सूचना आल्या.

त्या दिवाळीत माझा चौदा जणांचा, केनियातल्या मसाई मारा अभयारण्याचा ग्रुप ठरला होता. कोपरीच्या एका काकांचा फोन आला, “अहो, ते सोमालियाच्या शेजारीच ना?” लामूपासून मारा सहाशे किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे साधारण ठाण्याहून नागपूर. नागपूरला काही झालं म्हणून आपण ठाण्याजवळच्या येऊरला जायचं थांबत नाही. मी नकाशा पाठवला, समजावलं, उपयोग झाला नाही. एकेक करत नऊ जण गळाले आणि सहल रद्द करावी लागली. नैरोबीच्या आमच्या ड्रायव्हरला कळवलं तेव्हा तो नुसतं “पोले साना” म्हणाला, फार वाईट वाटलं म्हणून. वाईट मला वाटायला हवं होतं, महिना त्याचा बुडाला होता. ना त्याने कधी समुद्र पाहिला होता, ना चाचा.

मला लेखात हेच सांगायचं होतं, नीट सांगता आलं नाही. धोका असतो एका जागी, आणि भीतीची रेघ पडते भलतीकडेच. ही रेघ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. 2010 मध्ये जहाज उद्योगाने चाच्यांच्या अतिजोखमीच्या क्षेत्राची हद्द पूर्वेला 78 अंश रेखांशापर्यंत आणली. मुंबई आहे 73 च्या अलीकडे. म्हणजे आपलं न्हावा-शेवा, अलिबाग, अख्खा कोकण त्या रेघेच्या आत! भारत सरकार भांडत राहिलं तेव्हा कुठे डिसेंबर 2015 मध्ये ती 65 अंशांवर मागे गेली. मालवाहू जहाजांना सावध करायला आखलेली रेघ क्रूझ कंपनीलाही दिसायची, आणि थांबा कुठे घ्यायचा हे ठरवताना ती तीही बघायची.

डिसेंबर 2008 मध्ये एका जर्मन क्रूझ जहाजाने प्रवाशांना येमेनच्या होदेदा बंदरात उतरवून विमानाने दुबईला पाठवलं, आणि एडनच्या आखातातून जहाज नेलं ते मोजक्या कर्मचाऱ्यांनी. पाहुणे आकाशातून आणि खलाशी धोक्यातून: तुमचा राग याच गोष्टीवर आहे, आणि तो रास्त आहे. पण त्या होदेदाचा विचार करा. उतरलेले पाहुणे गाव न बघताच विमानतळाकडे गेले. त्याच 2008 साली येमेनच्या सोकोत्रा बेटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला होता. रक्तासारखा लाल डिंक देणारी ती छत्रीसारखी झाडं दाखवून एखाद्या बेटाचं पोट सहज भरलं असतं. आधी चाचे, मग घरचं युद्ध, आणि नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवरचे हल्ले. तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या क्रूझ पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागल्या.

एक विनंती. एडनच्या आखातात शिरण्याआधी रेलिंगला काटेरी तार बांधली, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते सविस्तर लिहून द्याल का? रात्री पहारा कसा लागायचा, घरी फोनवर काय सांगायचात, सगळं. तुमच्या नावाने, एक अक्षर न बदलता इथे छापेन. नाहीतर मीच रविवारी नेरुळला येतो, तुम्ही बोला, मी लिहून घेतो.