"बोलक्या माणसांना नुकसान जाणवतच नाही" हे खरं नाही

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की बोलक्या, मिसळणाऱ्या लोकांच्या मेंदूला हातची गोष्ट गेली तरी काही फरक पडत नाही आणि अबोल माणसांना डोपामिन (बक्षिसाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) कमी असतं म्हणून ती खचतात. प्लीज हे पुढे पाठवू नका, संशोधनात दिसलंय ते जवळपास उलटं आहे.

मुळात मेंदू मिळालेल्या गोष्टीची अपेक्षेशी तुलना करतो. मेंदू-संशोधक शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा पेपर बघा, माकडाला इशाऱ्यानंतर रस मिळायची सवय लागली आणि मग एकदा रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी डोपामिन पेशी एकदम थंडावल्या. माणसात ईईजीवर (डोक्यावर तारा लावून मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी चाचणी) असाच खड्डा, म्हणजे संकेत खाली जाणं, निकाल कळल्यावर साधारण पाव सेकंदात दिसतो, म्हणजे माणूस अजून "अरेरे" म्हणालेलाही नसतो! स्मिली वगैरेंच्या २०११ च्या अभ्यासात अनपेक्षित बक्षीस मिळणं आणि हुकणं यातला ईईजीवरचा फरक बहिर्मुख, म्हणजे बोलक्या-मिसळणाऱ्या लोकांत जास्त ठळक निघाला. पण ही गटाची सरासरी आहे हां, त्यावरून घरातल्या अबोल पोराला "तुझ्यात डोपामिन कमी" असं सांगणं साफ चूक आहे, आणि ईईजी डोपामिन मोजतही नाही.