पोथ्या गंगेत सोडू नका, पाया पडते

आज सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. नाशकात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गाडगे महाराज पुलाजवळ एक कुटुंब तांबड्या फडक्यातली बासनं सोडून पानं पाण्यात टाकत होतं. छापील नव्हे, हाताने लिहिलेल्या पोथ्या! जाड पिवळट कागद, काळीभोर अक्षरं, दोन्ही बाजूंना तांबडे समास. मी धावत जाऊन म्हटलं, "काका, थांबा, टाकू नका." तर म्हणाले, "ताई, वडिलांच्या आहेत. आता घरात वाचणारं कोण? रद्दीत घालवत नाही, म्हणून गंगेला." आणि उरलेला गठ्ठाही सोडला. पायरीला चिकटलेल्या एका पानावरची अक्षरं माझ्यासमोर सुटत गेली.

मागून कोणीतरी म्हणालं, दुकानात मिळतं की हे दीडशे रुपयांत. नाही मिळत! छापील हजार प्रती सारख्याच असतात. हाताने लिहिलेली प्रत एकच असते.

आमच्या आजीच्या जुन्या नाशकातल्या वाड्यात अशीच एक पोथी होती. पावसाळा सरला की आजी ती माळ्यावरून काढायची, सावलीत पसरायची, वेखंडाची कांडी घालून परत बांधायची. मजकूर बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपीत, पण एका पानाच्या समासात जुन्या मोडी लिपीतली बारीक ओळ. एका गुरुजींनी वाचून दाखवली: "चिरंजिवास गोवर. लेखन राहिले." पुढची सगळी पानं वेगळ्या हातची. अक्षर किरटं, ओळी उतरत्या. मिळेल ती छापील प्रत आणा, त्यात हा गोवर कुठे सापडतो?

आणि नुसती घरगुती हळहळ नाही ही. संत एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती लोकांनी नकलून जपलेल्या प्रती होत्या म्हणूनच ना? पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 महाभारताची संशोधित आवृत्ती केली, तीही देशभरातल्या पोथ्या ओळीला ओळ लावून. कौटिल्याचं अर्थशास्त्र तर कित्येक शतकं नुसतं नावाने माहीत होतं. 1905 मध्ये तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रावरची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयात आणून दिली, तिथले ग्रंथपाल शामशास्त्री यांनी 1909 मध्ये ती छापली. त्या पंडिताने ती कावेरीत सोडली असती तर?

जीर्ण पोथीचं विसर्जन करायची रीत आहे, मान्य. पण तेव्हा घरात नवी प्रत उतरवणारं कोणी असायचं. आणि पोथी उतरवणारेच शेवटच्या पानावर काय लिहून ठेवायचे? "तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत्." तेलापासून जपा, पाण्यापासून जपा! बोरूने, काजळाच्या शाईने, पाठ मोडेपर्यंत वाकून लिहिलेलं आहे ते. एक अक्षर चुकलं तर त्यावर हरताळ, म्हणजे पिवळा रंग, लावून पुन्हा लिहायचे.

आता थोडी शांत झाल्यावर त्या काकांचा चेहरा आठवतोय. वाईट माणूस नव्हता. पानं सोडताना हात जोडले होते त्यांनी. त्यांना कोणी सांगितलंच नसणार. माझ्या आजीला तरी कुठे मोडी येत होती? ती ओळ कळल्यावर मात्र पदराने डोळे पुसत बसली होती, दीडएकशे वर्षांपूर्वीच्या त्या पोरासाठी. ते वाचलं की नाही, कोणी पुढे लिहिलं, बापाने की काकाने, आम्हाला अजून कळलेलं नाही.

संस्थेला दिलेल्या पोथ्या कपाटात पडून राहतात, असं म्हणाल. राहतात कधीकधी. पण असतात तरी.

तर कळकळीने सांगते. वाडा पाडायला निघाला असेल, माळा रिकामा करताय, तर बासन सोडून आधी शेवटचं पान आणि समास बघा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात टाकू नका. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. घरात ठेवायची नसेल तर आपलं नाशिकचं 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, पुण्याला भांडारकर आहे, तिथे विचारा. मोडी लागत नसेल तर मला फोटो पाठवा, वाचणारे माझ्या ओळखीत आहेत. आणि गावातल्या मोठ्या माणसांना आजच फोन करून माळ्यावर काय आहे ते विचारून ठेवा.